घाटावर न बोललेलं एक वाक्य

सोपान,

तुझ्या दहाव्याला माईक धड चालला नाही. मधेच शिट्टी वाजायची, मधेच आवाज बसायचा, आणि मंडपवाल्याचा माणूस वायरी हलवत फिरायचा. माझ्या शेजारी पिंपळवंडीचे एक म्हातारे बसले होते. ते म्हणाले, "सोपानराव असता तर माईक बाजूला सारून उभा राह्यला असता. मेंढरांमागं वरडून तयार झालेला गळा त्यो." मग शेवटच्या वर्षात तुझ्या गळ्याचं काय झालं होतं ते त्यांचं त्यांनाच आठवलं, आणि त्यांनी उपरणं तोंडाशी धरलं.

कावळ्यानं मात्र वेळ लावला नाही. पिंड ठेवून लोक मागं सरतात न सरतात तोच तो आला. तेवढ्यापुरता वहिनींचा चेहरा सैल झाला. "बघा, काय सुदीक राह्यलं नव्हतं त्यांचं," असं बायकांमधून कुणीतरी म्हणालं. मीही मान डोलावली. तुझं काय राहिलं होतं ते त्या घाटावर फक्त मला माहीत होतं, आणि थोड्या वेळानं मला बोलायला उठायचं होतं.

आपल्या भागात दहाव्याला जितकी माणसं जमतात तितकी लग्नालाही जमत नाहीत, असं तू अभिमानानं सांगायचास. नदीच्या काठी सकाळी प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. कारखान्याचे, सोसायटीचे, पंचायतीचे झाडून सगळे पुढारी. त्या सगळ्यांना आवरणारा माणूस तू होतास. "पावणं, दोन शब्दांत आटपा, गेलेल्या माणसालाबी पुढं जायाचंय," हे तूच म्हणू शकायचास, आणि ज्याला म्हणायचास तोही हसून खाली बसायचा. माझ्या बाजूला कुठं दहावा असला की तू राजुरीत येऊन मला मोटारसायकलवर मागं घ्यायचास. उसाच्या वाटेनं जाताना बाकीचे लोक बिबट्याच्या भीतीनं मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावतात. तू भाषणाची तालीम करायचास. त्या पट्ट्यातल्या बिबट्यांना तुझी श्रद्धांजली तोंडपाठ झाली असेल, असं मी एकदा म्हणालो, तर तू गाडी थांबवून हसलास. "मग त्यांच्या दहाव्यालाबी मलाच बोलावत्याल, मास्तर."

तालमीच्या मधेच तुला एखादा शब्द अडायचा. "निगर्वी म्हंजे नक्की काय रं?" मी अर्थ सांगितला. त्या दिवशी तू तो शब्द अशा एका गृहस्थांना लावलास की ज्यांनी आयुष्यात कुणाच्या नमस्काराला नमस्कार केला नव्हता. परतताना मी तासभर तुझ्याशी बोललो नाही. आळेफाट्याला चहा पिताना तूच विषय काढलास.

"रागावलास?"

"तू प्रत्येकाला तेच म्हणतोस. मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक वृत्तीचा. पन्नास माणसं गेली आणि पन्नासही जण एकसारखे होते का?"

"म्होरल्या सतरंजीवर त्याची बायको बसल्याली असती. तिला काय खोड्या सांगू त्याच्या? तिला ठाव न्हाईत व्हय?"

"मग खोटं बोलायचं?"

"खोटं कुठं? अर्धं बोलतो. उरल्यालं ज्याचं त्याला ठाव असतं."

आपला हा वाद कधी संपला नाही. मी पुस्तकांत वाढलेला माणूस. मला वाटायचं, माणूस गेल्यावर तरी त्याच्याबद्दल खरं बोलावं. तुझा नियम वेगळा होता. घरच्यांना जे आधीपासून माहीत आहे आणि जे ते स्वतः हसत सांगतील, तेवढंच माईकवर आणायचं. त्या नियमात बसलं की तू कुणाला सोडत नसायचास. आमच्या राजुरीतल्या एका म्हातारीच्या दहाव्याला तू उठून म्हणालास, "ह्या आजीनं मला लहानपणी ज्या शिव्या दिल्या त्या अजून माझ्या वापरात हायेत." सगळा घाट हसला, आणि जिनं त्या शिव्या सर्वांत जास्त खाल्ल्या होत्या ती सून पदर तोंडाला लावून हमसून रडली. मी तुला म्हणालो, बघ, खरं बोललास तर काय होतं. तू म्हणालास, "तिला इचारून बोललो मी. सकाळीच इचारलं."

आणि माझी आई गेली तेव्हाही तू विचारलं होतंस. आदल्या दिवशी येऊन ओट्यावर बसलास. "उद्या काय करू? तुला काय पाहिजे?" मला काय पाहिजे हे मला सांगता येईना.  मग मी म्हणालो, कुणी बोलू नये असं वाटतं. दुसऱ्या दिवशी तू माईक हातात घेतलास. "मास्तरची आई गेली. मास्तरला जास्त बोलल्यालं सोसत न्हाई. म्हणून आज भाषण न्हाई. आपण समदे जरा येळ गप बसू." पुढारी कागद खिशात घालून बसून राहिले. नदीचं पाणी बंधाऱ्यावरून पडत होतं त्याचा आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. इतका मान मला पुन्हा कुणी दिला नाही. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. आपल्यात ती पद्धत नव्हती. आज लिहितो आहे.

पण त्याच दिवशी घरी परतल्यावर एक प्रश्न माझ्या मनात आला आणि मग तो गेला नाही. मला विचारलंस, त्या सुनेला विचारलंस. मग तुझ्या भावाला, महादूला, का विचारलं नाहीस?

महादूची गोष्ट सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे, पण लोक ती निराळी सांगतात. मी होतो तिथं. तुझ्या वडिलांचा, आबांचा दहावा होता. शेवटी घरच्यांपैकी कुणीतरी आभार मानायचे असतात, म्हणून तू उठलास. त्याआधी तू माईक कधी हातात धरला नव्हतास. डोकं नुकतंच भादरलेलं, अंगावर ओलं उपरणं. दोन वाक्यांत आभार झाले असते. पण आबा मेंढरं घेऊन माळशेज उतरून कोकणात कसे जायचे, भाताच्या खाचरांत मेंढरं बसवली की तिकडचे शेतकरी त्यांना कसे जावयासारखे वागवायचे, वाटेत जन्मलेलं कोकरू घोंगडीच्या खोळीत घालून कसे आणायचे, हे तू बोलायला लागलास आणि माणसं हलेनात. बायका रडायला लागल्या. प्रवचनकार महाराज डोळे पुसत होते. तुला स्वतःलाच तुझा आवाज पहिल्यांदा सापडत होता. आणि त्या भरात तू म्हणालास, "आबांची मेंढरं मोडणार न्हाईत. माझा भाऊ महादू हितनं पुढं कळप सांभाळील. हे मी आज तुमा समद्यांच्या देखत सांगतो."

लोक अशा वेळी देवळाला, शाळेला देणगी जाहीर करतात. तू भाऊ जाहीर केलास.

घाटभर "वा, वा" झालं. तुमच्या भावकीतले एक वडीलधारे उठले, आबांची घोंगडी आणि काठी त्यांनी महादूच्या हातात दिली. तो तेव्हा आयटीआय करून नुकताच आला होता. मंचरच्या एका गॅरेजमध्ये त्याचं काम ठरलेलं होतं. मला माहीत होतं, कारण शाळेत तो माझा विद्यार्थी होता आणि ती बातमी त्यानं आधी मला येऊन सांगितली होती. त्यानं तुझ्याकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं, आणि मान डोलावली. दुसरं काय करणार होता? बाप गेल्याला दहा दिवस, समोर सगळा तालुका, आणि हातात बापाची काठी.

त्या सकाळपासून तुला लोक बोलवायला लागले. या घाटावर, त्या घाटावर. तुझं नाव झालं, आणि महादू कळप घेऊन माळशेजचा घाट उतरला. कितीतरी हिवाळे तो तिकडं होता. त्याचं लग्न उशिरा झालं, आणि मुलांचं शिक्षण कधी इथं, कधी तिथं. शेवटी एका वर्षी बिबट्यानं तळावरची कोकरं नेली तेव्हा त्यानं उरलेली मेंढरं बाजारात नेऊन विकली आणि थेट मंचरला जाऊन गॅरेजची एक टपरी टाकली. तुला सांगितलं नाही. तू भडकलास. भर चावडीवर म्हणालास, बापाचा शब्द मोडला त्यानं. त्यावर महादूनं कुणाकडून तरी निरोप पाठवला. "शब्द बापाचा नव्हता. दादाचा व्हता." त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. दिवाळी गेली, यात्रा गेल्या, भावकीतल्या लग्नात दोघं मंडपाच्या दोन टोकांना उभे राहिलात.

मी तुला किती वेळा विचारलं असेल. "त्या दिवशी त्याला विचारलं होतंस का?"

"मान दिला मी त्याला. चारचौघांत मान दिला. आबांची काठी माझ्या हातात कुणी दिली असती तर मी नाचलो असतो."

"मग तू का नाही घेतलीस?"

"शेत कुणी बघायचं?"

"हे त्याला विचारता आलं असतं."

"घाटावर कुणी कुणाला इचारतं का, मास्तर? तू पुस्तकं वाच."

इथं येऊन आपला वाद थांबायचा. तू गाडीला किक मारायचास.

मग तुझा आवाज गेला. घशाचं ऑपरेशन, मग पुण्याला ते रेडिएशनचे शेक. उरली ती कुजबूज. तरी तू दहाव्यांना जात राहिलास. मागं, चपलांच्या जवळ बसायचास. कुणी "सोपानराव, दोन शब्द" म्हणालं की गळ्याकडं बोट दाखवून हसायचास. इतकी वर्षं बोलल्यानंतर तू ऐकायला लागला होतास, आणि मला वाटतं तुला ते अवघड गेलं. एकदा परतताना मला म्हणालास, "लई बोलत्यात रं ही माणसं."  तू कोपरानं मला ढोसलंस. "हास की."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तू माझ्याकडं आलास, दुपारी. बसने आलास, गाडी चालवणं बंद झालं होतं. मी पुस्तकांचं कपाट आवरत होतो. तू खुर्चीत बसून बघत राहिलास. तू नेलेलं प्रत्येक पुस्तक बाजरीचा कोंडा आणि लोकर घेऊन परत यायचं, ते मी झटकत होतो. चहा झाला. मग तू मला जवळ बोलावलंस, कारण लांबून तुझं ऐकू येत नसे, आणि म्हणालास,

"महादूला इचारायला पाहिजे व्हतं."

एवढंच. मी खाली बसलो. म्हणालो, चल, आत्ता जाऊ मंचरला. भाच्याची गाडी मागवतो. तू मान हलवलीस.

"ह्या आवाजात? त्यानं माझा त्यो आवाज ऐकलाय. ह्या आवाजात गेलो तर त्याला माझी दया येईल. मग त्यानं कशाला माफ केलं, त्याला तरी कळंल का? जरा येऊ दे आवाज. मग जाऊ."

मी तुला नेलं नाही. पटलं होतं मला. अजूनही पटतं. फक्त आवाज आला नाही.

'त्याला सांग' असं तू म्हणाला नाहीस. 'सांगू नको' असंही म्हणाला नाहीस. बोलता येणारा माणूस होतास, इतकं स्पष्ट करून गेला असतास तर काय बिघडलं असतं?

महादू तू गेलास त्या दिवशी आला होता. सरणावर लाकूड ठेवून, कुणाशी न बोलता गेला. दहाव्याला मात्र सगळ्यांच्या आधी आला. न्हाव्यासमोर बसला, डोकं भादरून घेतलं, तुझ्या मुलाला, गणेशला, पिंडाचं साहित्य हातात देत राहिला. लोक दोघांकडं बघत होते. मग माझं नाव पुकारलं गेलं. वहिनींनीच सांगितलं होतं. "भाऊजी, तुमीच बोला. त्यांना आवडलं असतं." मला माईकची किती भीती वाटते तुला माहीत आहे. पण त्या दिवशी भीती निराळी होती. आदल्या दोन रात्री मी ठरवून ठेवलं होतं की तुझं वाक्य बोलून टाकायचं. याच घाटावर बिघडलं, याच घाटावर दुरुस्त व्हावं, सगळ्यांच्या देखत. मला ते फार योग्य वाटत होतं. पुस्तकात शोभलं असतं.

उभा राहिलो, माईकनं शिट्टी मारली, आणि मी महादूकडं बघितलं. तो पहिल्या सतरंजीवर होता. भादरलेलं डोकं, ओलं उपरणं, आणि नजर माझ्यावर. मी आता काहीतरी बोलणार आणि मग सगळे आपल्याकडं बघणार, हे त्याला कळलं होतं. तो थोडं अंग चोरून बसला. मी ते वाक्य बोललो असतो तर त्याला उठावं लागलं असतं. तुझ्या फोटोसमोर हात जोडावे लागले असते, रडावं लागलं असतं. घाटभर "वा, वा" झालं असतं. आणि पुन्हा त्याला कुणी विचारलं नसतं.

म्हणून मी म्हणालो, "सोपान मनमिळाऊ होता. कष्टाळू होता." आणि मला पुढचं सुचेना. धार्मिक वृत्तीचा तर तू नव्हतासच. मी म्हणालो, "आणि तो माझा मित्र होता," आणि खाली बसलो. सर्वांत लहान भाषण माझं झालं. पिंपळवंडीचे म्हातारे कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, तुमी शिकल्यालं, जरा तरी बोलायचं." वहिनींनी मात्र लांबून हात जोडले.

पहिली पंगत बसली तेव्हा महादू त्याच्या पिकअपपाशी उभा होता, डोक्याला टॉवेल गुंडाळत. मी गेलो.

"जेवला न्हाईत, सर?"

"बसतो. महादू, तुला एक विचारायचं आहे. सोपान जायच्या आधी तुझ्याबद्दल माझ्यापाशी एक वाक्य बोलला. वाईट नाही. तुला ऐकायचं आहे का?"

तो टॉवेलची गाठ मारत राहिला.

"दादानं सांगाया लावलंय?"

"नाही. माझ्यापाशी बोलला, एवढंच."

"मग इचारता कशाला? सांगून टाकायचं."

"नाही. तू हो म्हणालास तर."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. वर्गात असताना फळ्यावरचं गणित बरोबर आहे की नाही हे तपासताना बघायचा तसा.

"नाय," तो म्हणाला. "आज नाय, सर. आज समदी बघत्यात. हितं मी एकदा मान डोलावून बसलोय. आता न्हाई." मग टॉवेल सारखा करत, "राग नका मानू."

"राग कसला?"

"मंचरला या कधी. पर आधी फोन करा. मी हो म्हनलो तर या."

"बरं."

"आन् सर," पिकअपचं दार उघडताना तो म्हणाला, "तुमी बोललात त्ये बेस झालं. आटोपशीर." त्याच्या तोंडावर हसू होतं की नव्हतं, मला सांगता येत नाही. तो जेवायला थांबला. गणेशच्या शेजारी बसून जेवला, आणि गेला.

घरची मंडळी तुझी स्मरणिका काढताहेत, तिच्यासाठी माझ्याकडून दोन पानं मागितली आहेत. ती मी वेगळी लिहीन, तुझ्या नियमात बसतील अशी. हे पान तुझ्या-माझ्यातलं आहे. महादू ऐकेपर्यंत कुणाच्या हाती देणार नाही.

मी त्याला अजून फोन केलेला नाही. दिवस थोडे जाऊ देतो. मग करीन, आणि तो काय म्हणेल ते ऐकीन. बोलावलं तर मंचरला जाईन आणि तुझं वाक्य त्याच्या हाती देईन, तू म्हणालास तसंच, त्याला माझा एकही शब्द न जोडता. तो नको म्हणाला तर पुन्हा कधीतरी विचारीन. आणि कधीच नको म्हणाला, तर ते माझ्यापाशीच राहील, सोपान. तेही तुला चालवून घ्यावं लागेल.